नाल्यात गेला तर

पनवेलच्या आसपासच्या दोन गावांचं देवाधर्मात एकमत होईल, एखाद्या सोयरिकीत होईल, पण बॉल नाल्यात गेला तर किती रन द्यायचे, यावर मात्र जन्मात होणार नाही. मोठीखारीत नाल्यात गेला की दोन. धाकटीखारीत सरळ आऊट, कारण तिथला नाला इतका घाण की बॉल काढायला कुणी उतरतच नाही. एका गावात देवळाच्या पत्र्यावर बसला तर सिक्सर, आणि शेजारच्याच गावात देवळाला लागला तर आऊट, वर बॅट्समननं नारळ फोडायचा. हे नियम कुठं लिहिलेले नव्हते. ते म्हाताऱ्यांच्या आणि दांडगटांच्या डोक्यात होते, आणि दर मोसमात त्यापायी दोन-चार डोकी फुटत होती.

ते पहिल्यांदा नीट मांडले भाविकानं. भाविका रोडपालीची. बाप लहानपणीच गेला. ती आणि तिची आई शांती, कमलाकरकाकांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर राहत. काका म्हणजे बापाचे थोरले भाऊ. जमिनी गेल्या, बिल्डिंगी आल्या, तसे काका शेतकऱ्याचे शेठ झाले आणि गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांचे आधारस्तंभ म्हणून बॅनरवर झळकू लागले. पुतणी इंजिनियर झाल्यावर त्यांनी खांदा कॉलनीत एक गाळा दिला आणि म्हणाले, "पोरी, आपल्या खेळाचं काहीतरी कर." तिनं 'मैदान' नावाचं वेब ॲप केलं. स्कोअर लिहिणारा मोबाइलवर बोट दाबायचा, आणि मैदानावरच्या मोठ्या स्क्रीनवर, दुबईला गेलेल्या पोरांच्या फोनवर, सगळीकडं तोच स्कोअर त्याच क्षणी दिसायचा.

आता स्कोअर मोजायचा तर नियम कळायला हवेत. म्हणून ॲप सुरू होताना आधी सेटिंगची एक फाइल वाचायचं. ओव्हर किती, नाल्यात गेला तर काय, पत्र्यावर बसला तर काय. पहिल्या वर्षी भाविकानं सगळ्या गावांना मिळून एकच फाइल ठेवली होती, आणि तिथंच ती फसली. धाकटीखारीच्या सांगण्यावरून तिनं नाल्याचा नियम 'आऊट' केला, तर त्याच मिनिटाला दुसऱ्या तीन मैदानांवर दोन रन धावून दम खात उभे असलेले बॅट्समन स्क्रीनवर आऊट झाले. एका ठिकाणी अंपायरला उसाच्या गाड्यामागं लपावं लागलं.

मग तिनं प्रत्येक गावाची फाइल वेगळी केली आणि सगळ्यांच्या खाली एक मूळ फाइल ठेवली. गावानं एखादी जागा रिकामी सोडली, तर ॲप मूळ फाइलमध्ये असेल ते उचलायचं. पण नाल्याच्या रकान्यात मुळात लिहायचं काय? दोन लिहावं तर अर्धी गावं रागावणार, आऊट लिहावं तर उरलेली. वैतागून तिनं गंमत म्हणून लिहिलं, 'भाविकाला विचारा.' आणि हसत हसत पुढच्या कामाला लागली.

लोकांना गंमत-बिंमत कळली नाही. लोकांनी विचारलं.

आंघोळीत असताना विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं, आईला सलाइन लावलं होतं तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात गाठून विचारलं. "ताई, बॉल कुत्र्यानं तोंडात धरला, काय देऊ?" ती म्हणायची, "डेड बॉल." आणि खेळ पुढं सुरू व्हायचा. नियम बदलायचा तर फाइल तिच्या लॅपटॉपवर, ती चढवून ॲप पुन्हा सुरू करायचं तेही तिनंच. हळूहळू असं झालं की शनिवार-रविवारी भाविकाला पनवेलच्या बाहेर पाऊल टाकता येईना.

तिला बाहेर पडायचं होतं. मनापासून पडायचं होतं. गेल्या वर्षी पुण्याची नोकरी आली होती, ती तिनं सोडली. कमलाकरकाका काही अडवणारे नव्हेत. ते कधीच 'नाय' म्हणत नसत, आणि हीच त्यांची खरी ताकद होती. 'नाय' म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. काका डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे, "जा ना गो पोरी, कोण अडवतंय? फक्त एवढा मोसम होऊ दे." मोसम दिवाळीनंतर सुरू व्हायचा तो पावसाळ्यापर्यंत, आणि पावसाळ्यात पुढच्या मोसमाच्या तारखा ठरायच्या. दोन मोसमांच्या मध्ये एक माणूस बाहेर निसटेल एवढी फट काकांनी कधी ठेवलीच नाही.

या वेळी बंगळूरची नोकरी आली. सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी संध्याकाळी कळंबोलीहून बस, तिकीट काढलेलं. ही गेली तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे भाविकाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं काकांशी वाद घातला नाही. तिनं आपली गरजच संपवायची ठरवली.

तिनं ॲपमध्ये एक सेटिंगचं पान केलं. प्रत्येक गावाच्या मंडळाला आपला पासवर्ड. पान उघडा, आपले नियम बदला, 'जतन करा' दाबा, झालं. तिनं सगळ्या मंडळांच्या सेक्रेटरींना गाळ्यात बोलावून, वडापाव खायला घालून शिकवलं. मोठीखारीचा सेक्रेटरी निकेश सगळ्यात हुशार. त्यानं तिथंच ओव्हर बदलून दाखवल्या आणि टाळी घेतली.

"हे आता तुमचं," भाविका म्हणाली. "मला विचारायचं नाही. आणि पासवर्ड कुणाला द्यायचा नाही."

"काय बोलतेस ताई," निकेश म्हणाला. "जीव गेला तरी नाय देणार."

काका दारात उभे राहून ऐकत होते. "बरं केलंस," ते म्हणाले आणि तिला जवळ घेतलं. भाविकाला वाटलं, आपण उगाच या माणसाबद्दल वाईट विचार करतो.

शनिवारी मोठीखारीत फायनल होती, मोठीखार विरुद्ध धाकटीखार. भाविका मुद्दाम गेली नाही. वर बसून ती बॅग भरत होती, आई घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होती. फोन वाजला. भाविकानं घेतला नाही. पुन्हा वाजला. आई म्हणाली, "घे गो. कोणाचं मरण-बिरण नसू दे."

निकेश होता. मागं समुद्र उसळावा तसा आवाज. "ताई, ये लवकर. बॉल नाल्यात गेला आन् स्क्रीनवर आऊट आला!"

"तुमच्याकडं दोन आहेत ना?"

"दोनच हायत! आमी काय केलं नाय!"

तिला न्यायला बाइक आधीच खाली उभी होती.

मोठीखारीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या बॉलवर मोठीखारीला जिंकायला दोन रन हवे होते. बॅट्समननं बॉल सरळ नाल्यात घातला, गाव नाचायला लागलं, बँजोवाल्यानं पहिली सुरावट काढली, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं: आऊट. आता मोठीखार म्हणत होती आम्ही जिंकलो, धाकटीखार म्हणत होती स्क्रीन बघा. स्कोअरवाल्यांचा बांबूचा मंडप दोन पुरुष उंचीचा. भाविका शिडीनं वर चढली आणि तिच्या मागोमाग माणसं शिडीला अशी चिकटली की खाली उतरायची वाट बंद झाली.

तिनं सेटिंगचं पान उघडलं. नाल्याचा नियम सामना चालू असतानाच बदललेला होता, आणि बदलला होता मोठीखारीच्याच पासवर्डनं. तिनं शेजारी उभ्या निकेशकडं बघितलं. निकेशनं मान खाली घातली.

"कुणाला दिलास?"

"कल्पेशला."

कल्पेश म्हणजे निकेशच्या बहिणीचा नवरा, राहणार धाकटीखार. फायनल ज्यांच्याशी, त्यांच्या माणसाला पासवर्ड!

"जेवायला आलेला," निकेश म्हणाला. "मटणाच्या ताटावर बसून मागतला. जावई हाय ताई. ताटावर बसलेल्या जावयाला नाय कसं म्हणू?"

कल्पेश खालीच उभा होता, लपला-बिपला नव्हता. "मी चोरी नाय केली," तो ओरडून म्हणाला. "नाल्यात गेला म्हंजे आऊटच असतो. यांच्यात चुकीचं लिवलेलं, मी नीट केलं!" आणि वाईट हे, की तो खरंच तसं मानत होता.

गर्दी मंडपाच्या बांबूंना रेटू लागली. एक बांबू करकरला. तेवढ्यात कमलाकरकाका माणसं बाजूला सारत आले. त्यांच्यासाठी शिडी मोकळी झाली, ती भाविकासाठी झाली नव्हती. वर येऊन त्यांनी माइक उचलला, फुंकर मारली आणि तो तिच्या हातात दिला.

"सांग पोरी."

भाविकाच्या डोक्यात फक्त उद्याची बस होती. हे मिटू दे, म्हणजे मी सुटले. सामना सुरू झाला तेव्हा जो नियम होता तो खरा, एवढं साधं होतं. ती माइकमध्ये म्हणाली, "दोन. मोठीखार जिंकली."

आणि सगळं शांत झालं. नुसतं शांत नाही, समाधानी झालं. धाकटीखारीच्या कप्तानानं टोपी जमिनीवर आपटली, मग तीच उचलून झटकली आणि म्हणाला, "भाविकाताई बोलली तर दोन." कल्पेशसुद्धा मान हलवत निकेशच्या गळ्यात पडला. बँजो सुरू झाला. क्षणभर भाविकाला अभिमान वाटला, खोटं कशाला बोला. आणि मग तिच्या ध्यानात आलं. सुटायच्या नादात तिनं एवढ्या जमावासमोर दाखवून दिलं होतं, की तिच्यावाचून यांचं चालत नाही.

खाली उतरली तर सेक्रेटरी लोक घोळका करून उभे. निकेश पुढं झाला.

"ताई, ते पासवर्ड परत घे. आमच्याकडं नको."

"का? पुन्हा नीट शिकवते."

"शिकायचं काय नाय त्यात. उद्या मी जावयाला नाय बोललो, तर माझ्या बहिणीचं माहेर बंद. याचा मामा तिकडं, त्याची सासुरवाडी इकडं. आमी सगळे एकमेकांत गुतलेलो. तू कोणाचीच नाय. म्हणून तुझं सगळे ऐकतात."

तो हे कौतुकानं म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

परत येताना काकांच्या गाडीत ती मागं बसली. काका खुशीत होते. ओवे गावाच्या अलीकडं सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते आरशातून तिच्याकडं बघत म्हणाले, "निकेश बोलला ते मी कवाच वळखलं होतं. म्हणून तर तुझ्या लग्नाची घाई नाय केली. ते उरणचं स्थळ, काय त्याचं नाव, अवधूत. चांगला पोरगा. पण तुला तिकडं दिली म्हंजे तू उरणची झालीस. मग बाकीची गावं तुझं कशाला ऐकतील? मीच निरोप धाडला, पोरीचं मन नाय म्हणून."

अवधूत भाविकाला दोनदा भेटला होता. दुसऱ्या भेटीत तो तिला म्हणाला होता की तुझ्याशी बोलताना वेळ कळत नाही, आणि मग त्याच्याकडून काहीच आलं नाही. आपल्यात काय कमी पडलं, याचा विचार करत तिनं एक अख्खा पावसाळा काढला होता. वजन उतरवून आरशात बघितलं होतं. आणि इथं हा माणूस ते सांगत होता, आंबा उतरवायला घाई केली नाही असं सांगावं तशा सुरात.

"तुम्ही मला विचारलं नाही, काका."

"विचारायचं काय त्यात? घरची पोर तू." सिग्नल सुटला. "बंगळूरचं पण बघू की. एवढा मोसम होऊ दे."

तिला ओरडायचं होतं. गाडीच्या काचा वर केलेल्या होत्या आणि एसी चालू होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, सकाळपासून बंद ठेवलेला फोन बाजूला सारून, ती लॅपटॉप घेऊन बसली. निदान पासवर्ड बदलून ठेवावेत, असा विचार होता. तिनं मोठीखारीचं पान उघडलं. नाल्याचा रकाना निकेशनं पुसून टाकला होता. रिकामी जागा दिसली की ॲप मूळ फाइलमधलं उचलायचं, आणि तिथं उमटलं होतं: 'भाविकाला विचारा.' तिनं धाकटीखारीचं उघडलं. तेच. मग दुसरं, तिसरं, खाडीपलीकडचं. प्रत्येक गावानं रातोरात आपापले नियम स्वतःच्या हातानं पुसले होते. नाल्याचा, पत्र्याचा, विजेच्या तारेचा. म्हातारे ज्या नियमांपायी डोकी फोडत, ते गावांनी खुशाल सोडून दिले होते. सगळ्या पानांवर वरपासून खालपर्यंत एकच ओळ होती.

तिनंच लिहिलेली. गमतीनं.

आईनं चहा आणून ठेवला आणि स्क्रीनकडं बघितलं. शांतीला ॲपमधलं काही कळत नसे, पण वाचता येत होतं.

"तुझा बाप पण असाच," ती म्हणाली. "जो तो यायचा, आनंदा हे बघ, आनंदा ते बघ. भावाला नाय म्हणायला त्याची जीभ कधी वळली नाय. मेला तवा पण दाराशी दोघं बसलेले, काम घेऊन." तिनं बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली होती, ती तिनं जोर लावून बंद केली. "मना सोबत नको नेऊस. पण तू जा."

"मी गेले तरी फोन येणारच गं. जाईन तिथं येणार."

"मग तुझं नाव काढ तिथून."

"काढलं तर जागा कोरी राहते. पुन्हा मलाच फोन."

"मग दुसऱ्या कोणाचं लिव."

भाविकानं आईकडं बघितलं. मग तिनं मूळ फाइल उघडली. आपलं नाव पुसलं, आणि त्या जागी लिहिलं: 'कमलाकरशेठना विचारा.' पुढं काकांचा मोबाइल नंबर घातला, गावांत घरोघरी पाठ असलेला. तिचं बोट 'जतन करा'वर थांबलं. काकांनी तिला शिकवलं होतं, वाढवलं होतं, तापात रात्रभर उशाशी बसले होते. हे सगळं खरं होतं. अवधूतचंही खरं होतं. तिनं बोट दाबलं.

रविवारची दुपार, म्हणजे पाच-सहा मैदानांवर सामने चालू. तिनं चहाचा दुसरा घोट घ्यायच्या आत खाली फोन वाजला. काकांचा आवाज आला, "हां बोल... मना काय विचारतंस? भाविकाला विचार." फोन ठेवला, तो पुन्हा वाजला. मग दुसरा फोन वाजला, काकीचा असावा. बँजोची रिंगटोन होती ती.

भाविकानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, बॅग उचलली आणि जिन्याकडं निघाली. बंगला मोठा असला तरी जिना अरुंद होता. खालच्या भाड्याच्या गाळ्यांची जागा खाऊ नये म्हणून काकांनीच तसा करून घेतला होता. ती निम्म्यात आली आणि खालून काका चढत आले. त्यांनी जिना पूर्ण भरून टाकला. फोन हातात, चेहरा घामेजलेला. त्यांनी बॅग बघितली, पण आधी फोनच पुढं केला.

"घे, सांग यांना. ओव्याचा हाय. बॉल पाण्याच्या टाकीत पडला म्हणतो. समोर कोणाची टीम, तर माझ्या व्याह्यांची. मी काय सांगणार? मी काय पण सांगितलं तरी कोणीतरी दुखावणार!"

"हो," भाविका म्हणाली.

"मग घे ना गो."

फोनमधून "हॅलो, शेठ? हॅलो?" येत होतं. काकांचा हात तिच्या छातीशी आला होता. घेतला असता तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. टाकीत पडला तर ओव्यात चार, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिच्या जिभेवर आलंसुद्धा. तिनं बॅग दोन्ही हातांनी धरली, म्हणजे हात रिकामा राहणार नाही.

"तुम्हालाच विचारलंय, काका," ती म्हणाली. "घरचे आहात तुम्ही."

फोन ओरडत होता. शेवटी काकांनी तो कानाला लावला. जिन्यात धड रेंज नसे. नीट ऐकू यावं म्हणून ते नेहमीच्या सवयीनं एक पायरी खाली उतरून खिडकीकडं वळले, भिंतीला पाठ लावून. तेवढी फट झाली.

भाविका अंग चोरून त्यांच्या पोटाला घासत, बॅग डोक्यावर धरून पलीकडं गेली.

फाटक उघडताना तिला वरून त्यांचा आवाज ऐकू आला. "आता तुमच्या गावची टाकी, मना काय म्हाईत तिचं! तुमच्याकडं आधी काय देत व्हतेत, ते सांग की. ... नाय. नाय म्हणतो ना! भाविका नाय हितं."

ती रिक्षात बसेपर्यंत काका तेच सांगत होते. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं. तिनं कळंबोलीचं नाव सांगितलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला रडू येतंय.